दोरायच्या पाच-पाच महिन्यांच्या नोकऱ्या

दोरायला आमच्या खोलीत घरमालकिणीने आणलं, आणि तेही चुकून.

काबुयाव शहरात कारखान्यांच्या मागच्या गल्लीत आम्ही चौघी एका खोलीत राहायचो. दोन दुमजली खाटा, एक पंखा, भात शिजवायचा एक कुकर. मालकिणीची समजूत झाली होती की आमच्यातली बेलेन खोली सोडून गावी गेली. बेलेन गेली होती अंघोळीला. ती डोक्याला पंचा गुंडाळून परत आली, तर तिच्या खाटेवर एक बुटकी, सावळी मुलगी आपली पिशवी रिकामी करत बसलेली.

"ही कोण?" बेलेन कडाडली.

"मी तेओदोरा. दोराय म्हणा." ती जागची हललीसुद्धा नाही. "खाट छान आहे तुमची, खिडकीजवळची. पण काळजी करू नका, मी खाली झोपेन. खाटेवरून पडायची सवय आहे मला."

बेलेनने बराच वेळ आदळआपट केली. मालकीण कपाळाला हात लावून दारात उभी. संध्याकाळी दोरायने गावाहून आणलेले सुके मासे तळले, टोमॅटो चिरला, आणि पहिलं ताट बेलेनसमोर ठेवलं. तेव्हापासून आम्ही पाच जणी झालो.

फार दिवस तिला खाली झोपावं लागलं नाही. आमच्याकडे खाट रिकामी व्हायचीच, कारण कोणाचं ना कोणाचं एंडो व्हायचं. एंडो म्हणजे कंत्राट संपणं. एका ठिकाणी सहा महिने भरले की कायद्याने माणूस कायम होतो, म्हणून कारखाने पाचव्या महिन्यातच गोड बोलून निरोप देत. त्यात भांडण नाही, तंटा नाही. ओळखपत्र परत करायचं, गणवेश धुऊन परत करायचा, सुपरवायझरबरोबर हसून एक फोटो काढायचा आणि गेटबाहेर यायचं. त्या दिवशी ती मुलगी खोलीत येऊन पंखा आपल्याकडे वळवून पडून राहायची आणि आम्ही कोणी तो परत फिरवायचो नाही. मीही कितीदा तशी पडून राहिले आहे.

दोराय केझोन प्रांतातल्या कातानाउआनची. बाप दुसऱ्याच्या बागेतले नारळ उतरवायचा, आई खोबरं वाळवायची. गावात नोकरी म्हणजे नगरपालिका, शाळा नाहीतर पतपेढी, आणि तिन्हीकडे वजनदार धर्मबापाची, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मानलेल्या बापाची, चिठ्ठी लागायची. "माझ्या धर्मबापाला स्वतःलाच नोकरी नाही," दोराय म्हणायची. "तो उलट माझ्याकडे चिठ्ठी मागतो."

आल्या आल्या ती एकटीच कारखान्यांच्या गेटांवर फिरून आली. प्रत्येक रखवालदाराने तिला एकच सांगितलं, इथे सरळ कोणाला घेत नाहीत, एजन्सीतून या. मग मी तिला कारखान्यांना माणसं पुरवणाऱ्या आमच्या एजन्सीत घेऊन गेले. ती एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर होती. पायऱ्या चढताना ताज्या पांदेसाल पावाचा वास यायचा आणि उपाशी पोटी रांगेत उभ्या राहिलेल्या मुलींचा जीव कासावीस व्हायचा. मालकीण मॅम ओफेलिया. वय पन्नाशीच्या पुढे, केस रंगवलेले, गळ्यात चष्म्याची साखळी. आवाज असा की खाली बेकरीतल्या लोकांनाही कळायचं आज कोणाला काम मिळालं.

त्या दिवशी मॉलमधल्या बुटांच्या दुकानासाठी मुली हव्या होत्या. उंची पाच फूट, हसरा चेहरा. भिंतीवर मापाची पट्टी रंगवलेली होती. दोराय तिच्याशी जाऊन उभी राहिली आणि मॅम ओफेलियाने चष्मा लावला.

"टाचा खाली टेक."

"खालीच आहेत मॅम."

"मग तू बुटकी आहेस. पुढची!"

"मॅम, बुटांचं दुकान ना?" दोराय पट्टीपासून हललीच नाही. "गिऱ्हाईक खुर्चीत बसणार आणि मी त्याच्या पायाशी बसणार. बसल्यावर उंच मुलगी आणि मी सारख्याच. उलट उंच मुलीला वाकायला त्रास, मला नाही."

रांगेतल्या मुली हसल्या. मॅम ओफेलियाने चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. "गावाकडे सगळे असेच बोलतात का?"

"नाही मॅम. बाकीचे तुमच्याएवढ्या मोठ्या आवाजात बोलतात."

मी डोळे मिटून घेतले. वाटलं, हिच्याबरोबर माझंही नाव कापलं जाणार. पण सोमवारी दोराय काळी पँट आणि पांढरा शर्ट घालून मॉलमध्ये लोकांच्या पायात बूट चढवत होती. गावात जे तीन वर्षांत जमलं नव्हतं, ते इथे आठवड्यात जमलं, कोणाचं नाव न सांगता. ही गोष्ट ती कधी विसरली नाही. पुढे आम्ही एजन्सीला कितीही शिव्या घातल्या तरी ती म्हणायची, "घाला, घाला. पण दार कोणी उघडलं तेही बोला."

पाच महिन्यांनी बूट सुटले. मग शेवयांच्या कारखान्यात पॅकिंग, मग मोटारीच्या वायरी बांधायचं काम, मग औषधांच्या गोदामात खोकी उचलणं, मग एका हॉटेलच्या मुदपाकखान्यात भाज्या चिरणं. एंडो झालं की आम्ही तोंड पाडून यायचो. दोराय यायची ती नवीन काहीतरी शिकून. वायरींच्या कारखान्यातून बाहेर पडल्यावर तिने आमच्या खोलीतला बंद पडलेला पंखा उघडून चालू केला. हॉटेलमधून आल्यावर एवढ्या पटापट कांदा चिरायला लागली की बेलेन म्हणाली, "आता एखाद्या बँकेत लाग, म्हणजे पैसे मोजायला शीक."

"मोजायला कशाला शिकायचं? आधी असायला हवेत ना!"

पण सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. कारखान्यात कायम माणसांच्या गळ्यात निळी फीत असायची, आमच्या गळ्यात पिवळी. काम तेच, मालाचा सरकता पट्टा तोच, घाम तोच. डिसेंबरात जेवण असायचं, गाणी असायची, सोडत निघायची, कोणाला टीव्ही, कोणाला तांदळाचं पोतं. पिवळ्या फितीला बोलावणं नसायचं. एका वर्षी आम्ही दोघी त्या संध्याकाळी शिफ्ट संपवून हॉलच्या बाहेरून चाललो होतो. आत कोणीतरी बेसूर गात होतं. दोराय दारापाशी थांबली, थोडं ऐकलं आणि म्हणाली, "यांचं गाणं ऐकण्यापेक्षा बाहेरच बरं." मग जीपनीच्या, म्हणजे आमच्याकडच्या लहान बसच्या, थांब्यापर्यंत ती भराभर पुढे चालत राहिली.

एकदा तिला छातीत कफ झाला, ताप उतरेना. आठ-दहा दिवस अंथरुणावर होती. औषधांच्या गोदामात परत गेली, तर तिच्या जागी दुसरी मुलगी. कोणी तिला काढलं नव्हतं. कंत्राटात आजारपणाची रजाच नव्हती, एवढंच. ती एजन्सीत गेली, मॅम ओफेलियाने दुसरीकडे पाठवलं, आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजणी सुरू झाली. "कायम माणूस आजारी पडला की त्याला फळं पाठवतात," ती मला म्हणाली. "आपण आजारी पडलो की आपल्या जागी माणूस पाठवतात."

आता नेस्तोरचं सांगते, कारण दोरायचं आयुष्य तिथून वळलं.

तेव्हा आम्ही दोघी प्लॅस्टिकचे डबे करणाऱ्या एका कारखान्यात होतो. नेस्तोरही आमच्याच एजन्सीचा. दोन मुलांचा बाप, कमी बोलणारा. तुटके डबे दळून पुन्हा वापरायचा माल करणाऱ्या यंत्रावर तो असायचा. एका सकाळी चहाच्या सुट्टीच्या जरा आधी त्याचा हातमोजा यंत्रात ओढला गेला. पुढची किंकाळी अजून माझ्या कानात आहे. दोराय शेजारच्या पॅकिंगच्या टेबलावरून धावली आणि यंत्र बंद करायचं लाल बटण तिने दाबलं. मोजा कापून हात सोडवला. कारखान्याच्या गाडीत त्याला घालून आम्ही दोघी जवळच्या दवाखान्यात घेऊन गेलो. आम्हाला उतरवून गाडी लगेच परत गेली.

तिथल्या डॉक्टरांनी रक्त थांबवलं, पट्टी बांधली आणि स्पष्ट सांगितलं, "दोन बोटं चिरडली आहेत. एक नक्की वाचेल, दुसरंही वाचेल कदाचित, पण त्याला मोठ्या इस्पितळातला सर्जन हवा, आणि आजच हवा. तुमच्या कंपनीचं कोणी आलंय का? पुढचा खर्च कोण उचलणार, ते तिथे आधी विचारतील."

दोरायने कारखान्यात फोन लावला. तिकडच्या बाई अगदी नम्र बोलल्या. नेस्तोर त्यांचा कर्मचारी नाही, एजन्सीचा आहे, तेव्हा एजन्सीला कळवावं. तिने एजन्सीत फोन लावला. मॅम ओफेलियाचा आवाज मला लांबूनही ऐकू येत होता. यंत्र त्यांचं, जागा त्यांची, अपघात त्यांच्या छपराखाली झाला, मग एजन्सीचा काय संबंध? पुन्हा कारखाना. पुन्हा एजन्सी.

नेस्तोर बाकावर हात वर धरून बसला होता. चेहरा पांढराफटक. त्याला सगळं ऐकू येत होतं.

"दोराय," तो हळूच म्हणाला, "मी नक्की कोणाचा गं?"

दोरायने त्याच्याकडे पाहिलं आणि फोन घट्ट मुठीत धरला. "तुम्ही जरा बसा दादा. आत्ता सांगते कोणाचे ते."

ती व्हरांड्यात गेली. मी तिच्या मागे. तिने कारखान्याच्या मॅनेजरला थेट फोन लावला. आवाज असा गोड काढला की मला वाटलं ही कोणी दुसरीच बाई आहे.

"सर, नमस्कार. तुम्हाला फक्त कळवायचं होतं. एजन्सीच्या मालकीणबाई स्वतः आल्यात इथे. फळं घेऊन आल्यात. डॉक्टरांना म्हणत होत्या, सगळी जबाबदारी मी घेते, कारखान्याला काही देणंघेणं नाही. डॉक्टर विचारत होते कारखान्याचं नाव काय म्हणून. वर्तमानपत्रातले कोणीतरी ओळखीचे आहेत वाटतं त्यांच्या... नाही सर, तुम्ही कशाला त्रास घेता... बरं, बरं."

फोन ठेवला, लगेच दुसरा लावला.

"मॅम, मी दोराय. सर आलेत कारखान्यातून. हो, मॅनेजरसाहेब स्वतः. नेस्तोरच्या पाठीवर हात ठेवून बसलेत. सगळ्यांना सांगतायत, एजन्सीने हात वर केले तरी आम्ही माणुसकी सोडणार नाही. नाही मॅम, मी काही म्हटलं नाही. फक्त तुमची खुर्ची रिकामी दिसते, एवढंच."

"दोराय!" मी तिचा दंड धरला. "दोघंही आले आणि कळलं तर?"

"आले तर कळू दे. येऊ दे तर आधी."

मॅम ओफेलिया रिक्षाने आली. हातात खरोखरच संत्र्यांची पिशवी होती. मॅनेजर तिच्या पाठोपाठ गाडीतून उतरला. दवाखान्याच्या दारात दोघं समोरासमोर आले आणि दोघंही एकदमच म्हणाले, "तुम्ही आत्ता येताय?"

दोराय मध्ये जाऊन उभी राहिली. "दोघंही अगदी वेळेवर आलात. हे बघा, नेस्तोरदादा तिथे बसलेत. त्यांना एकच विचारायचंय, ते कोणाचे आहेत."

नेस्तोरसमोर, डॉक्टरांसमोर, बाकावर बसलेल्या इतर दहा माणसांसमोर 'आमचा नाही' म्हणायची हिंमत दोघांपैकी एकालाही झाली नाही. मोठ्या इस्पितळात न्यायला मॅनेजरने गाडी दिली, मॅम ओफेलिया बरोबर बसून गेली, खर्चाच्या कागदावर सही दोघांनीही केली. एक बोट पूर्ण वाचलं, दुसऱ्याचं टोक गेलं. पुढे भरपाईही दोघांनी मिळून दिली. कुरकुर केली, पण दिली. नेस्तोर आता लढाऊ कोंबडे पाळतो आणि त्या बोटाने कोंबड्यांना दटावतो.

आमचं कंत्राट पुढच्या महिन्यात संपलं. संपायचंच होतं, त्यामुळे त्यांनी दोरायवर राग काढला असं कोणी म्हणू शकत नव्हतं. एजन्सीत काम असं असतं. तुम्हाला कोणी हाकलत नाही, फक्त पुन्हा बोलावत नाही.

मग मॅम ओफेलियाचा निरोप आला, दोरायने वर येऊन भेटावं. आम्हाला वाटलं, झालं. बेलेन म्हणाली, "वर जाताना खालून एक पाव घेऊन जा. उपाशी पोटी शिव्या खाऊ नये."

दोराय तासाभराने परत आली आणि खाटेवर बसली.

"त्या म्हणाल्या, तू माझ्याशी खोटं बोललीस. मी म्हटलं, हो मॅम, पण तुम्ही आलात की नाही? तर म्हणाल्या, आले, आणि संत्रीही माझ्याच पैशांची. मग चष्मा पुसला. मग म्हणाल्या, माझ्याकडे काम कर. मुली निवडायच्या, कारखान्यांशी बोलायचं, पाठवलेल्यांची खबर ठेवायची."

"आणि तू?" मी विचारलं.

"हो म्हटलं."

बेलेन आरशासमोर केस विंचरत होती. ती वळली. "म्हणजे आता तू पण माणसं विकणार. उद्या माझी उंची मोजशील?"

दोराय नेहमी उत्तर जिभेवर घेऊन फिरायची. त्या दिवशी मात्र ती उठून बाहेर पायरीवर जाऊन बसली. थोड्या वेळाने मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"चोलेंगताई," ती म्हणाली, "खोटं नाही बोलली ना बेलेन?"

"खोटं नाही. पण सगळं खरंही नाही."

"मी नाही गेले तर त्या खुर्चीवर दुसरं कोणीतरी बसेल. नेस्तोरदादासाठी केलेल्या फोनवर 'आमचा नाही' म्हणणारं."

"मग जा. पण तिथे बसून फोन घे."

सकाळी ती गेली. बेलेन पुढे आमच्याशी तुटक वागायला लागली आणि वर्षभरात तायवानला निघून गेली. विमानतळावर सोडायला मीच गेले होते. दोरायला तिने बोलावलं नव्हतं.

एजन्सीत नवीन मुलामुलींना कामावर पाठवण्याआधी एक तास बसवून नियम सांगायची पद्धत होती. आधी एक माणूस कागदावरून वाचून दाखवायचा आणि अर्धी मुलं झोपायची. दोरायने कागद बाजूला ठेवला. तिचं बोलणं मी बऱ्याचदा ऐकलं, कारण मीही अजून तिथूनच कामं घेत होते. प्रत्येक वेळी थोडं वेगळं असायचं, पण सूर एकच.

"कोणाचा मामा महापौर आहे का? नाही? कोणाचा नाही? छान. म्हणूनच इथे आहोत सगळे. इथे ओळख लागत नाही. आठवड्यात काम मिळेल. हे आवडलं नाही तर ते मिळेल. काय जमतं तेच माहीत नसेल, तर चार ठिकाणी काम करून कळेल. हे झालं चांगलं. आता दुसरं ऐका. तिथे तुम्ही पाहुणे आहात. पाहुण्याला जेवायला वाढतात, घराची चावी देत नाहीत. सुपरवायझर गोड बोलला म्हणून हप्त्यावर मोटारसायकल घेऊ नका. कायम करतो म्हणाला, तर विचारा कधी. तो हसला, तर समजा कधीच नाही."

मुलं हसायची. ती थांबायची नाही.

"आपल्या यंत्राचं काम शिका आणि शेजारणीच्या यंत्राचंही शिका. पाच महिन्यांनी ते तुमच्याकडून ओळखपत्र काढून घेतील, हातातलं काम नाही काढून घेता येणार. चौथ्या महिन्यात माझ्याकडे या, पाचव्यात रडत येऊ नका. आणि दुखलं, लागलं, कोणी अंगचटीला आलं, तर आधी मला फोन. मी त्यांना विचारणार नाही तुम्ही कोणाचे."

मॅम ओफेलिया आतल्या खोलीतून ओरडायची, "दोराय, माझ्या गिऱ्हाइकांना पळवून लावशील!"

"पळत नाहीत मॅम. उलट भाऊ-बहिणींना घेऊन येतात."

आणि येतही होते. तिने स्वतः कारखान्यांत जाऊन पाहायला सुरुवात केली. एके ठिकाणी दळायच्या यंत्रावर झाकणच नव्हतं. तिने परत येऊन सांगितलं, इथे माणसं द्यायची नाहीत. मॅम ओफेलियाने दोन दिवस तिच्याशी बोलणं टाकलं, कारण मोठं काम हातचं जाणार होतं. तिसऱ्या दिवशी तिनेच कारखान्याला कळवलं, झाकण बसवा, मग बोलू. झाकण बसलं.

पण सगळं दोरायच्या हातात नव्हतं. एका नोव्हेंबरात वायरींच्या कारखान्याने कळवलं की परदेशातली मागणी आटली, एजन्सीची साठ माणसं उद्यापासून नकोत. साठ जणांत मीही होते. कंत्राटाचे अजून दोन महिने बाकी होते, नाताळ तोंडावर. कायम माणसांपैकी एकालाही हात लागला नाही. दोराय त्या मॅनेजरशी भांडली, विनवण्या केल्या, शेवटी त्याच्या केबिनबाहेर खुर्ची टाकून बसली. उपयोग झाला नाही. संध्याकाळी ती आमच्यासमोर उभी राहिली तेव्हा तिचा आवाज बसला होता.

"नाही जमलं," ती म्हणाली. "कारण सांगत बसत नाही. रविवारपर्यंत वेळ द्या मला."

मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, "नाताळला ताटात तुझा शब्द वाढू का?"

"रविवारी सांग," ती म्हणाली. "नसला वाढण्यासारखा, तर माझ्या घरी जेवायला ये."

त्या आठवड्यात ती एवढी फिरली की चपलेचा अंगठा तुटला तर तिने तो दोऱ्याने बांधला. नाताळच्या दिवसांत हॅम करणाऱ्यांना माणसं लागतात, मॉलमध्ये भेटवस्तू बांधायला लागतात, सामान पोचवणाऱ्या कंपन्यांना गोदामात लागतात. इतक्या वर्षांत जिथे जिथे तिने पाच-पाच महिने काढले होते, तिथे तिथे कोणी ना कोणी तिला ओळखत होतं. दुसऱ्या एजन्सीवाल्यांकडेही गेली, ज्यांच्याशी मॅम ओफेलिया वर्षानुवर्षं बोलत नव्हती. रविवारी बहुतेकांना काम मिळालं होतं. ज्या सात-आठ जणांना मिळालं नाही, त्यांच्यात तो मागच्या रांगेतलाही होता. नाताळला तो खरंच दोरायच्या घरी जेवायला आला. बायकोलाही घेऊन आला.

मला तिने वेगळं बोलावून घेतलं. "ताई, मॉलमध्ये जास्त मिळेल, पण जानेवारीत संपेल. दुसरं एक आहे. इस्पितळाच्या चादरी धुणारी लाँड्री. पगार कमी, वाफ फार, हाताची सालं निघतील. पण तिथली मालकीण सहा महिन्यांनी माणसं ठेवून घेते. मी जुन्या बायकांना विचारून आले."

"तू गेली असतीस का?"

"मी? मी दुसऱ्याच महिन्यात कंटाळले असते. पण तुमचं माझ्यासारखं नाही. तुम्हाला एकच दार हवंय, रोज तेच."

तिने मला ओळखलं होतं. मी लाँड्रीत गेले. पहिले तीन महिने रडले. मग हात सरावले. सातव्या महिन्यात मालकिणीने कायम केलं, त्या दिवशी मी घरी जाऊन पंखा लावून पडले नाही, सगळ्या गल्लीला पांसित, म्हणजे परतलेल्या शेवया, खाऊ घातल्या. आजही मी तिथेच आहे. आता इस्त्रीच्या विभागात माझ्या हाताखाली नऊ बायका आहेत.

दोरायचं पुढे असं झालं. मॅम ओफेलियाचे गुडघे गेले आणि ती मुलीकडे कॅनडाला गेली. सरकारने एजन्सींचे नियम कडक केले, लहानांना ते परवडेना, बेकरीवरची एजन्सी बंद झाली. लोक म्हणाले, बरं झालं. काही म्हणाले, आता आम्ही कोणाकडे जायचं? दोघांचंही खरं होतं, असं दोराय म्हणायची. एजन्सीत असतानाच तिचं लग्न झालं होतं, नवरा रोहेलियो जीपनी चालवायचा, मुलगी शाळेत जायची. महिनाभर ती घरी बसली आणि घरातला प्रत्येक दिवा, नळ आणि कडी उघडून पुन्हा बसवून झाली.

मग नगरपालिकेच्या रोजगार कार्यालयातून तिला बोलावणं आलं. लोकांना काम शोधून द्यायचं टेबल. गावात ज्या नोकरीला वजनदार धर्मबाप लागायचा, तसली नोकरी. तिच्या बाबतीत शिफारस केली ती पाच कारखान्यांच्या माणसांनी, न विचारता. ती खूष होऊन कागद आणायला गेली आणि पोट धरून हसत परत आली.

"काय झालं?" मी विचारलं.

"सहा महिन्यांचं कंत्राट आहे ताई! नगरपालिकाही कायम करत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा सही, पुन्हा सहा महिने. महापौर बदलला तर देवाला माहीत."

"मग नाही म्हणून सांग."

"का? त्यांना वाटतंय ते मला सहा महिन्यांसाठी ठेवतायत. बघू कोण आधी जातं."

तेव्हापासून दोन महापौर गेले. दोराय आहे.

गेल्या उन्हाळ्यात माझी भाची शिक्षण संपवून आमच्याकडे आली. तिला एजन्सी नको होती. कोणत्या तरी मोठ्या कंपनीत थेट अर्ज करायचा, वाट पाहायची, पण कायमचीच नोकरी घ्यायची, असं तिने ठरवलं होतं. मी तिला दोरायच्या टेबलापाशी घेऊन गेले. मनात होतं, दोराय हिला चार गोष्टी सुनावेल.

दोरायने तिचं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "किती महिने वाट पाहता येईल? खरं सांग."

"चार. आई म्हणाली चार महिने सांभाळते."

"मग चारही महिने पाहा. तुझ्याजवळ आहेत, माझ्याजवळ नव्हते. अर्ज कुठे कुठे टाकलास? तिथे नको, ते लोक वर्षभर उत्तर देत नाहीत. इथे टाक, आणि इथे. मुलाखतीला गेलीस की मुलाखत घेणाऱ्यांना विचार, तुमच्याकडची मागची मुलगी का गेली. आणि चार महिन्यांनी काही जमलं नाही, तर लाज न बाळगता माझ्याकडे ये."

"तुम्ही तेव्हा असाल ना इथे?" भाचीने विचारलं.

"माझी सही जूनमध्ये आहे," दोराय म्हणाली. "तू ऑगस्टमध्ये ये."

मग तिने रांगेतल्या पुढच्या माणसाला हाक मारली, आणि आम्ही दोघी जीपनी पकडायला बाहेर पडलो.